स्टेशनपर्यंतचा रस्ता सगळ्यांना चालता येईल असा करून कसा घ्यायचा

आमच्या बिल्डिंगच्या गेटपासून स्टेशन ६५० मीटरवर आहे, मी रोज आठ मिनिटांत जाते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला वॉकर घेऊन पहिल्यांदा त्याच रस्त्याने नेलं तर बेचाळीस मिनिटं लागली, आणि त्यातली वीसएक मिनिटं ती चालतच नव्हती, नुसती उभी होती. फूटपाथवरून खाली उतरायला कशाला तरी धरता येईल का बघत, फूटपाथवर लावलेली बाइक कोणी हलवेल का म्हणून, आणि सिग्नल एकदा हुकला म्हणून परत सुटायची वाट बघत. स्टेशनवर पोचलो तर तिथे छान लिफ्ट होती, चालू पण होती. पण तोवर आईच्यात प्लॅटफॉर्मपर्यंत जायची ताकदच उरली नव्हती, तिथूनच रिक्षा करून परत आलो.

तेव्हापासून दीड वर्ष आम्ही सोसायटीतली पाच-सहा जणं ह्या एका रस्त्याच्या मागे लागलोय. बरंचसं काम झालंय, थोडं बाकी आहे. तुमच्या एरियात हेच करायचं असेल तर कुठून सुरू करायचं, काय मोजायचं, कोणाकडे काय मागायचं ते सगळं इथे लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मुंबईत गाड्यांच्या बाजूने खरंच बरंच झालंय. २०१४ मध्ये मेट्रो १ आली, मग २ए आणि ७, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ पार कफ परेडपर्यंत सुरू झाली, ह्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत आणि डब्यात शिरताना पायरी चढावी लागत नाही. २०१४ मध्ये घाटकोपरला प्लॅटफॉर्म आणि लोकलमधल्या फटीत पडून अपघात झाला, त्यानंतर हायकोर्टाने लक्ष घातलं आणि लोकलचे प्लॅटफॉर्म ९०० ते ९२० मिमीपर्यंत उंच करायचं काम झालं. बेस्टच्या नव्या बसमध्ये बऱ्याच लो फ्लोअर आहेत. पण घर ते गेट, गेट ते फूटपाथ, फूटपाथ ते क्रॉसिंग, क्रॉसिंग ते जिना, ह्यात एका ठिकाणी जरी वीतभर पायरी आली ना, तर व्हीलचेअरवाल्या माणसासाठी पुढची सगळी लिफ्ट आणि मेट्रो बांधलीच नव्हती असं धरा. म्हणून मोठं काहीतरी मागायच्या आधी हा तुटलेला भाग शोधायचा.

एकच रस्ता धरा

सगळा वॉर्ड सुधारायला निघू नका. एक स्टेशन किंवा एक मोठा बस स्टॉप घ्या आणि तिथे जाणारा एकच रस्ता निवडा, पाचशे ते आठशे मीटरचा. ज्या रस्त्यावर शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान, बँक असं काहीतरी आहे तो घ्या, कारण तिथे म्हातारी माणसं, लहान मुलं, पोटुशा बायका सगळ्या चालतात आणि पुढे सह्या गोळा करताना प्रत्येकाला तो रस्ता माहीत असतो. पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडचा एकदम घेऊ नका, आम्ही तो घेतला होता आणि दोन महिने नुसते फोटोच काढत बसलो.

आता त्या रस्त्यावरून चाला, पण एकट्याने नाही. ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याला बरोबर घेऊन आणि त्याच्या वेगाने. आमच्याबरोबर आई होती आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका होते, त्यांना अजिबात दिसत नाही, चाळीस वर्षं पांढरी काठी घेऊन लोकलने नोकरी केली त्यांनी. त्या दिवशी मला जे दिसलं ते मी वीस वर्षं त्या रस्त्याने जाऊनही बघितलेलं नव्हतं. एका ठिकाणी अंध माणसांना वाट कळावी म्हणून लावतात त्या उंचवट्याच्या पिवळ्या टाइल्स सरळ झाडाच्या बुंध्यात जात होत्या. काका काठीने चाचपत गेले, काठी बुंध्याला लागली, थांबले, डावीकडे सरकले, तिथे विजेचा बॉक्स, उजवीकडे सरकले तर फूटपाथ संपला आणि पाय एकदम खाली गेला. मी हात धरला म्हणून वाचले. ते म्हणाले, "मी ह्या टाइलवरून कधी चालतच नाही गं, मी गटाराच्या झाकणांचा आवाज ऐकत रस्त्याच्या कडेने जातो." म्हणजे त्यांच्यासाठी बसवलेल्या टाइलपेक्षा चालत्या गाड्यांच्या बाजूने जाणं त्यांना जास्त भरवशाचं वाटत होतं.

जाताना दोन वेळा जा, एकदा सकाळी नऊच्या गर्दीत आणि एकदा रात्री आठनंतर. रात्री लाइट कुठे नाहीये ते कळतं. आणि जमलं तर एकदा चांगल्या पावसात जा, कारण क्रॉसिंगच्या तोंडाशीच पाणी तुंबत असेल तर ते उन्हाळ्यात कळत नाही.

टेप आणि मोबाइल, एवढंच लागतं

"फूटपाथ खराब आहे" असं लिहून दिलं की उत्तर येतं "पाहणी केली, सुस्थितीत आहे". आकडा लिहून दिला की असं उत्तर देता येत नाही. म्हणून पाच मीटरची साधी टेप घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती, आणि हे मोजा.

फूटपाथची मोकळी रुंदी. नुसती बांधलेली रुंदी मोजायची नाही, खांब, झाड, बॉक्स, टपरी सोडून खरोखर चालायला किती उरते ते मोजायचं. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं आयआरसी १०३ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची सांगितलीय, दुकानांच्या भागात त्याहून जास्त. १.८ का, तर दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात म्हणून. आमच्याकडे सगळ्यात अरुंद जागा ५५ सेंटीमीटर निघाली.

फूटपाथची उंची. १५ सेंटीमीटरच्या वर नको. मुंबईत रस्त्यावर डांबराचे थर चढतात तेव्हा फूटपाथ खाली जातो, मग तो उचलतात, मग सिमेंटचा रस्ता होतो आणि लेव्हल परत बदलते, त्यामुळे एकाच गल्लीत एकीकडे ५ आणि दुसरीकडे ३० सेंटीमीटर अशी उंची सापडते.

उताराचा तिरकेपणा. नियम १ ला १२ असा आहे, म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीला १८० सेंटीमीटर लांब उतार पाहिजे. मोबाइलमध्ये लेव्हल बघायचं ॲप असतं, फोन उतारावर आडवा ठेवा, साधारण पावणेपाच अंशांच्या आत आकडा आला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस अंश येतात, त्याला उतार म्हणत नाहीत, तिथे वॉकर सुटून पुढे पळतो.

बोलार्ड म्हणजे बाइक चढू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी लावलेले ते स्टीलचे खांब, त्यांच्यामधलं अंतर. व्हीलचेअर नीट जायची तर ९० सेंटीमीटर तरी लागतात, एक मीटरच्या वर असेल तर हात घासत नाहीत. ह्याच विषयावर मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती, तेव्हा हे बिनधास्त लिहा.

आणि सिग्नलचे सेकंद. हे कोणी मोजत नाही आणि मला वाटतं सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. आमचा रस्ता १८ मीटर रुंद, चालणाऱ्यांचा हिरवा सिग्नल १५ सेकंदांचा. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असा हिशोब धरतात, त्याला बरोबर १५ सेकंद लागतात. आई सेकंदाला अर्धा मीटर चालते, तिला ३६ सेकंद पाहिजेत. म्हणजे ती रस्त्याच्या मधेही पोचत नाही तेवढ्यात बाइक सुटतात. तुमच्या घरातल्या वयस्क माणसाला दहा मीटर चालवून सेकंद मोजा आणि तोच आकडा अर्जात घाला, त्याच्यासमोर कोणाला काही बोलता येत नाही.

प्रत्येक जागेचा एक फोटो लांबून आणि एक टेप लावून जवळून काढायचा, फोटोत दुकानाची पाटी किंवा खांबाचा नंबर आला पाहिजे, नाहीतर पाहणीला येणारा माणूस भलत्याच जागी जाऊन येतो.

कोणाचं काय आहे ते वेगळं करा

आमची पहिली सहा महिन्यांची मेहनत इथे वाया गेली. सगळं एकाच अर्जात घातलं आणि तो अर्ज "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून परत आला, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं त्यांच्या अखत्यारीत नव्हतंच.

तर फूटपाथ, गल्ल्यांचे रस्ते, झाडं, गटाराची झाकणं हे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसकडे. मोठे रस्ते पालिकेच्याच रस्ते खात्याकडे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या शेवटी एमएमआरडीएकडून, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, पालिकेकडे आले, त्यामुळे सर्व्हिस रोडचंही आता तिथेच. स्टेशनच्या हद्दीतला जिना, पूल, लिफ्ट, प्लॅटफॉर्म रेल्वेचं, मध्य रेल्वे असेल तर सीएसएमटीचं डीआरएम म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं ऑफिस, पश्चिम असेल तर मुंबई सेंट्रलचं. बस स्टॉप बेस्टचा. सिग्नलचे सेकंद म्हटलं की ट्रॅफिक पोलीस. मेट्रोच्या लाइनप्रमाणे कंपनी बदलते, मेट्रो ३ वेगळी, २ए आणि ७ वेगळी, १ अजून वेगळी. विजेचा बॉक्स शहरात बेस्टचा, उपनगरात बहुतेक अदानीचा, भांडुप-मुलुंडला महावितरणचा, बॉक्सवर नाव लिहिलेलं असतं ते बघून घ्या.

सगळ्यात वाईट जागा असते ती दोन हद्दींच्या मधली. रेल्वेचा जिना संपतो आणि पालिकेचा रस्ता सुरू होतो तिथली दोन-तीन मीटर. तिथे फरशी तुटलेली, पायरी वेडीवाकडी, आणि दोघंही म्हणतात ती दुसऱ्याची. ह्या जागेसाठी अर्ज दोघांना एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकाच्या अर्जात दुसऱ्याला प्रत दिल्याचं लिहा. मग जॉइंट व्हिजिट मागा, हाच शब्द वापरा. आमच्याकडे दोन्हीकडचे इंजिनिअर एकदा त्या जागी एकत्र उभे राहिले आणि वीस मिनिटांत ठरलं, नुसत्या पत्रांमध्ये तेच चार महिने अडकलं होतं.

नेमकं काय मागायचं

"सुधारणा करावी" लिहू नका, कोणती वस्तू कशी पाहिजे ते लिहा.

क्रॉसिंगला मी सगळ्यात आधी टेबल टॉप मागेन, म्हणजे रस्ताच फूटपाथच्या उंचीपर्यंत उचललेला रुंद स्पीड ब्रेकर. माणसाला उतरायचंही नाही आणि चढायचंही नाही, गाडीला मात्र हळू व्हावं लागतं. ते होत नसेल तर दोन्ही बाजूंना १ ला १२ चा उतार, झेब्रा पट्ट्यांच्या बरोबर समोर, आणि डिव्हायडरमध्ये सपाट कट. हा कट नुसता अर्धा फूट ठेवतात, तिथे वॉकर पण राहत नाही. व्हीलचेअर आणि मागे ढकलणारा माणूस दोघं उभे राहतील एवढी, दीड मीटर तरी खोल जागा पाहिजे.

पिवळ्या टाइल्सचं एकदा समजून घ्या. लांब रेघांची टाइल म्हणजे पुढे चला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. ठिपके क्रॉसिंगच्या आधी, जिन्याच्या आधी, प्लॅटफॉर्मच्या कडेला आणि वळणावर यायला पाहिजेत. कंत्राटदाराची माणसं कुठलीही टाइल कुठेही बसवतात कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि टाइलची रांग भिंतीपासून, खांबापासून लांब, सरळ जायला पाहिजे. मॅनहोल मधे आलं म्हणून रांग तोडून पुढे परत सुरू केली तर अंध माणसाला पुढची रांग सापडत नाही.

गटारावरच्या जाळीची फट १२ मिमीच्या आसपास पाहिजे आणि फट चालायच्या दिशेला आडवी. उभी फट असली की काठीचं टोक आणि व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक त्यात रुततं.

फेरीवाल्यांचा विषय निघणारच. हायकोर्टाने २०१७ मध्ये स्टेशनपासून १५० मीटरमध्ये फेरीवाले नकोत हे कायम ठेवलंय, त्यामुळे तो मुद्दा तुमच्या बाजूने आहे. पण माझं मत विचाराल तर नुसतं "हटवा" म्हणून अर्ज देऊ नका. भाजीवाली मावशी चार दिवसांनी परत येते, कारण स्टेशनवरून उतरणाऱ्या आपल्यालाच तिथे भाजी पाहिजे असते. आम्ही फूटपाथवर १.८ मीटरची रेघ मारून मागितली, रेघेच्या आत कोणी बसायचं नाही, मग तो बाइकवाला असो, दुकानदाराचं सामान असो की टोपली. मावशींनी ती पाळली. दुकानदारांना सांगायला जास्त वेळ लागला.

बस स्टॉप

लो फ्लोअर बसची जमीन रस्त्यापासून साधारण ४० सेंटीमीटर असते, त्यामुळे १५ सेंटीमीटरच्या फूटपाथवरून चढायला फार उंच पडत नाही आणि रॅम्प टाकला तर व्हीलचेअर जाते. पण हे कधी, तर बस फूटपाथला चिकटून उभी राहिली तर. स्टॉपसमोर रिक्षा लागलेल्या असतात, बस रस्त्याच्या मधे थांबते, मग माणूस आधी फूटपाथवरून खाली उतरतो आणि परत ४० सेंटीमीटर वर चढतो, आणि तेही मागून बाइक येत असताना. त्यामुळे स्टॉपच्या पुढे-मागे बसच्या दीडपट लांबीत पार्किंग बंद करून रस्त्यावर रंगवून घ्या. जागा असेल तर फूटपाथच थोडा बाहेर काढून स्टॉप पुढे आणायला सांगा, बसला आत-बाहेर वळावंच लागत नाही आणि रिक्षा उभी करायला कोपरा राहत नाही. स्टॉपसमोर लोखंडी रेलिंग असेल तर त्याला दोन दरवाजांसमोर मोकळी जागा ठेवायला सांगा. आणि जाहिरातीचा बोर्ड बस येते त्या बाजूला नको, त्यामुळे ड्रायव्हरला बसलेला म्हातारा माणूस दिसत नाही आणि त्याला बस.

अर्ज कधी आणि कसा

पालिकेचं बजेट फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतं, त्यामुळे वॉर्डकडे यादी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये गेली पाहिजे. रस्ते खोदायची कामं पावसाळ्यात बंद असतात आणि ऑक्टोबरपासून परत सुरू होतात. तुमच्या रस्त्याचं काँक्रीट होणार असेल तर काम सुरू व्हायच्या आधी पकडा, त्याच कामात उतार आणि टाइल बसून जातात, नंतर तोडून कोणी करत नाही.

छोटी तक्रार, म्हणजे तुटलेलं झाकण वगैरे, १९१६ वर. मोठ्यासाठी लेखी अर्ज, आवक शिक्का घेऊनच घरी यायचं. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ लिहा, त्यातलं कलम ४० आणि ४१ सुगम्यता, म्हणजे जागा सगळ्यांना वापरता येणं, आणि वाहतुकीबद्दल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम बंधनकारक पाहिजेत, नुसती मार्गदर्शक तत्त्वं नकोत, आणि मे २०२५ मध्ये चालायला फूटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असंही सांगितलं. दोन ओळींत हे लिहा, लांब भाषण नको, तीन पानांचा अर्ज कोणी वाचत नाही. एक पान मजकूर, मागे फोटो आणि आकड्यांचा तक्ता.

महिनाभरात काही हाललं नाही तर आरटीआय म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, ऑनलाइन होतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे हे विसरू नका. "का केलं नाही" असं विचारायचं नाही, कागद मागायचे: वर्क ऑर्डर, मंजूर ड्रॉइंग, मेजरमेंट बुकची (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या वहीची) प्रत, आणि डीएलपी कधीपर्यंत आहे, म्हणजे कंत्राटदाराने फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत. आम्हाला शेवटच्या प्रश्नाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, फूटपाथ डीएलपीमध्ये होता हे कळल्यावर पैशांचा प्रश्नच उरला नाही. त्यानेही नाही झालं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, राज्याचे आयुक्त तिथे बसतात, तिकडे तक्रार देता येते.

तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर अजून एक गोष्ट आपल्याच हातात असते. प्रत्येक नवीन टॉवरच्या गेटसमोर गाडी सुखाने आत जावी म्हणून फूटपाथ खाली कापतात, त्यामुळे एका गल्लीत दहा टॉवर असले की फूटपाथ दहा वेळा खाली-वर होतो. आर्किटेक्टला आताच सांगा की फूटपाथ एका लेव्हलला राहील आणि चढ गाडी चढेल, उतार गेटच्या आत घ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव करून घ्या, नकाशे मंजूर झाल्यावर कोणी ऐकत नाही.

काम सुरू झालं की तिथे जा

वर्क ऑर्डर निघाली म्हणजे झालं असं समजू नका. मुकादमाला भेटा, चहा पाजा, आणि काकांना घेऊन जा. आमच्याकडे टाइल बसवणारा पोरगा उत्तरेकडचा होता, ठिपक्याच्या टाइल्स डिझाइन म्हणून एक सोडून एक लावत होता. काकांनी चप्पल काढली, त्याचा हात धरला आणि त्याला डोळे मिटून त्या टाइलवरून चालवलं. दहा पावलं चालला आणि थांबला. मग त्याने स्वतःच लावलेल्या तीन रांगा उखडल्या, आणि पुढच्या क्रॉसिंगला आम्ही नसतानाही बरोबर लावल्या.

सिमेंट ओलं असतानाच फोन ठेवून उतार बघा, वाळल्यावर कोणी हात लावत नाही. गटाराची झाकणं टाइलच्या बरोबरीने बसतायत का बघा. काम चालू असताना माणसांनी जायचं कुठून हे विचारा, बॅरिकेडच्या बाजूने मीटरभर तरी वाट ठेवायला लावा.

आणि पहिला मोठा पाऊस पडला की परत तीच फेरी मारा, तीच माणसं, तीच टेप, आणि पेव्हर ब्लॉक कुठे खचलेत, उताराच्या पायथ्याशी पाणी कुठे साचतंय त्याचे फोटो त्याच आठवड्यात वॉर्डला द्या. आमच्याकडे अर्जात दिलेल्या अकरापैकी आठ जागा दुरुस्त झाल्यात. सिग्नल १५ वरून २५ सेकंदांचा झालाय, ३६ साठी दुसरा अर्ज ह्याच सोमवारी दिलाय, आवक शिक्क्यासकट.